हलकेबाबांची कृपा आणि माझी चप्पल

मी वहिनींच्या शिवणकामाच्या कारखान्यात शिरले तेव्हा एकही मशीन चालू नव्हतं. कापायच्या लांब टेबलावरचे कापडाचे तागे खाली उतरवून तिथे एका गुटगुटीत माणसाला बसवलं होतं. शिवणाऱ्या, काज करणाऱ्या, इस्त्री करणाऱ्या सगळ्या बायका त्याच्यासमोर जमिनीवर हात जोडून बसल्या होत्या, आणि दारात शेजारच्या दुकानांतले बघे. मी शाळेत विज्ञान शिकवते. शाळेच्या गणवेशाचे नमुने बघायला आले होते. नमुने कुठल्यातरी खुर्चीवर चुरगळून पडले होते.

"वन्सं, चपला काढा," वहिनी कुजबुजल्या. "हलकेबाबा आलेत."

"काय हलकं करतात?"

"फोन."

मी चपला काढून हातातच घेतल्या आणि भिंतीला टेकून उभी राहिले.

"फोन का भरतो?" बाबांनी डोळे मिटून विचारलं. उत्तर कुणी देऊ नये अशी त्यांची अपेक्षा होती, आणि कुणी दिलंही नाही. "मन भरतं म्हणून फोन भरतो. डेटा म्हणजे आसक्ती. आणि क्लाऊड म्हणजे काय? ढग. ढग कुठे असतो? वर. वर कोण असतं?"

"देव," बायका एका सुरात म्हणाल्या.

विज्ञानाच्या तासाला माझ्या वर्गातून इतकं झटपट उत्तर कधी येत नाही.

पहिला चमत्कार चार आठवड्यांपूर्वी झाला होता. तो वहिनींनी मला कानात सांगितला. सगळ्यांचे फोन गच्च भरले होते. जागा नाही, जागा नाही, अशी रडगाणी दिवसभर चालत. बाबांनी वहिनींचा एकच फोन घेतला, लाल कपड्याखाली धरला, मंत्र म्हटला. फोन रिकामा झाला. एवढंच असतं तर वहिनींनीही फार मनावर घेतलं नसतं. पण त्याच घटकेला, हात न लावता, खोलीतल्या सगळ्या बायकांचे फोन हलके झाले.

"एकीनं उपास केला आणि सगळ्यांना पुण्य लागलं," वहिनी म्हणाल्या. माझ्या वहिनी पदवीधर आहेत, बँकेचं व्याज तोंडी काढतात.

"आणि फोनमधले फोटो?"

"गेले. पण बाबा म्हणाले, गेलं ते ओझं होतं. आता चाळीस दिवस फोटोंच्या ॲपला हात लावायचा नाही. लावला तर ओझं दुप्पट होऊन परत येतं."

आज बाबा व्रत नीट पाळलं जातंय ना ते बघायला आणि प्रत्येक फोनच्या पाठीवर तांब्याची टिकली चिकटवायला आले होते. टिकलीची दक्षिणा वेगळी.

मला सगळी गंमत वाटत होती. तेवढ्यात काजवाल्या मावशी उठल्या. त्यांचा नवरा गेल्या वर्षी गेला. ह्याच कारखान्यात तो मशीनं दुरुस्त करायचा. त्याचा एकुलता एक व्हिडिओ मावशींच्या फोनमध्ये होता. त्या पुढे झाल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "बाबा, बाकी सगळं गेलं तर जाऊ दे. एवढा एक आवाज परत द्या. मला आता तो नीट आठवेनासा झालाय."

"त्याचा आत्मा मोकळा झालाय," बाबा म्हणाले. "तू रडून त्याला खाली ओढतेस. पाप लागेल."

मावशी खाली बसल्या. माझं हसू तिथेच थांबलं. जागा रिकामी करून द्यायची नि वर दक्षिणा घ्यायची, हे एक वेळ धंदा म्हणून सोडून दिलं असतं. पण एका बाईला तिच्याच दुःखाबद्दल पापी ठरवणाऱ्या माणसाची मला चीड आली.

"वहिनी," मी मोठ्याने विचारलं, "नव्या फ्रॉकचा फोटो पुढच्या खोलीत काढला की इथे कटिंगच्या टेबलावर कसा दिसतो?"

"आपोआप. सगळ्या फोनना खातं एकच आहे ना. मोबाइलचा दुकानदार म्हणाला, प्रत्येकीचं वेगळं काढू का? मी म्हटलं, इतके पासवर्ड कोण लक्षात ठेवणार? एकच काढा. काम पण सोपं होतं."

सोपं म्हणजे फारच सोपं होतं. इस्त्रीवालीच्या दाढेचा एक्स-रे वहिनींच्या फोनमध्ये, वहिनींच्या भाचीचं लग्न मावशींच्या फोनमध्ये, आणि सगळ्यांच्या सगळ्या मांजरी सगळ्यांकडे. एका ट्रंकेत सगळ्या घराचे कपडे कोंबल्यावर ट्रंक भरणार नाही तर काय होणार? आलेले फोटो सगळीकडे येतात हे प्रत्येकीला ठाऊक होतं. पण पुसलेला फोटोही सगळीकडून जाईल, हा उलटा विचार एकीच्याही डोक्यात आला नव्हता.

मी मावशींचा फोन मागून घेतला आणि माझी डावी चप्पल टेबलावर बाबांच्या शेजारी ठेवली. बाबा जरा सरकले. मी फोटो काढला.

"ॲप उघडा सगळ्यांनी."

"बाई, व्रत मोडतंय," बाबा गरजले.

"पाप माझ्या नावावर लिहा."

बायकांनी भीत भीत ॲप उघडलं. थोड्या वेळाने एकेका फोनमध्ये माझी चप्पल अवतरली, झिजलेल्या टाचेसकट.

"आता इस्त्रीवाल्या ताईंनी इंटरनेट बंद करा. बाकीच्यांनी चालू ठेवा. बाबा, ही चप्पल घालवा बघू."

"चपलेवर मंत्र चालत नाही."

"बरं, मग मी बिनमंत्राचंच बघते." मी अंगठ्याने फोटो पुसला. लाल कपडा घेतला नव्हता, त्यामुळे अंगठा काय करतो ते सगळ्यांना दिसलं. बघता बघता खोलीतल्या फोनमधून चप्पल नाहीशी झाली.

"माझ्याकडे आहे अजून," इस्त्रीवाल्या ताई म्हणाल्या.

"बाबांची कृपा सर्वव्यापी आहे, फक्त तिला इंटरनेट लागतं. आता चालू करा."

त्यांनी चालू केलं आणि चप्पल तिथूनही गेली. दारातला एकजण फसकन हसला. वहिनींचा चेहरा मात्र उतरला होता.

"म्हणजे यांनी माझ्या फोनवरून सगळ्यांचं पुसलं?"

"तुमच्या डोळ्यांदेखत, कपड्याखाली. पुसलेलं आधी ॲपमधल्या कचरापेटीत जातं आणि महिनाभर तिथे पडून राहतं. मग पेटी आपोआप रिकामी होते. बाबांचं व्रत किती दिवसांचं, वहिनी?"

वहिनी व्याजात कच्च्या नाहीत. "चाळीस. म्हणजे पेटी रिकामी होईपर्यंत," त्या म्हणाल्या आणि बाबांकडे वळल्या.

मी पेटी उघडली. एक्स-रे, लग्न, मांजरी, फ्रॉक. सगळं होतं. मावशी माझ्या खांद्याला घट्ट धरून उभ्या होत्या आणि मी खाली खाली जात होते. व्हिडिओ जवळजवळ तळाशी सापडला. खाली लिहिलं होतं, दोन दिवस शिल्लक.

एक माणूस उलट्या केलेल्या मशीनपाशी बसलाय, कोपरापर्यंत तेल. वर न बघताच म्हणतो, "शूटिंग कसलं करतेस? तो स्क्रू दे इकडे."

मावशींनी तो पुन्हा पुन्हा लावला. मग म्हणाल्या, "असाच होता आवाज. जरा चिडका." आणि रडल्या. यावेळी त्यांना कुणी पाप लागेल असं म्हटलं नाही, कारण ते म्हणणाऱ्याने तोवर काढता पाय घेतला होता.

संध्याकाळपर्यंत पेटीतलं सगळं परत आलं आणि प्रत्येकीचं खातं वेगळं झालं. मावशींचा व्हिडिओ फोनशिवाय आणखी दोन ठिकाणी ठेवला.

वाचकहो, फोन भरला तर सेटिंगमध्ये जा. कोणतं ॲप किती जागा खातंय ते तिथे लिहिलेलं असतं. काय फोनमध्ये आहे, काय क्लाऊडवर आहे आणि एकीकडे पुसलं तर दुसरीकडे राहतं का, हे आधी विचारा आणि मगच पुसा. समजलं नाही तर जाणत्याला विचारा, त्यात लाज नाही. पण जो मदत कपड्याखाली करतो आणि वर हात लावू नका म्हणतो, त्याला तिथल्या तिथे प्रश्न करा. उद्यावर टाकू नका. मी त्या दिवशी गेले ते गणवेश बघायला, आणि आठवडाभर उशिरा गेले असते तरी शाळेचं काही अडलं नसतं. तेव्हाही मी सगळ्यांना सगळं व्यवस्थित समजावून सांगितलं असतं. मावशींना तो आवाज मात्र देता आला नसता.