नरसाळ्याच्या घशात

मी नरसाळं बोलतोय. हसू नका. बाटलीत तेल ओतायला तुम्ही जे वापरता त्याच जातीचा मी. फक्त उंचीने चांगल्या धिप्पाड माणसाला भारी आणि रंगाने पिवळा. माझ्या तोंडावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी आहे, खाली निमुळता घसा आणि घशाखाली गोल तबकडीत बसवलेल्या बाटल्या. खोल समुद्रात, जिथे उजेड पोचत नाही, तिथे मी दोराला टांगलेला असतो आणि वरून जे पडेल ते झेलतो.

काय पडतं, ते ऐकून नाक मुरडाल. वर उन्हात, पाण्याच्या पृष्ठभागाशी, डोळ्यांना न दिसणाऱ्या हिरव्या वनस्पती वाढतात. तुमच्या शेगडीचा, गाड्यांचा, कारखान्यांचा धूर हवेतून पाण्यात विरघळतो आणि त्यातला कार्बन घेऊन त्या पोसतात. त्यांना कोळंबीसारखे बारीक जीव खातात. मग त्या जिवांची विष्ठा, टाकलेल्या काती, मेलेल्यांची शरीरं हे सगळं एकमेकांना चिकटून भुरभुरत खाली उतरतं.

वाटेत भुकेले टपलेले असतातच. बहुतेक माल तेच फस्त करतात आणि तो कार्बन पाण्यात मिसळून पुन्हा वर जायला मोकळा होतो. त्यांच्या तावडीतून सुटून जे थोडं माझ्यापर्यंत पोचतं, ते मात्र शेकडो वर्षं वर येत नाही. म्हणजे तुम्ही सोडलेल्या धुरातला तेवढा भाग खरोखर खाली जाऊन बसला. तो किती, हे मोजायला मला बनवलं.

बनवलं मेस्त्रींनी, धक्क्यामागच्या शेडमध्ये. काचकापडाचे, म्हणजे फायबरग्लासचे, थर एकावर एक चिकटवले आणि मग आतून पॉलिशपेपरने घास घास घासलं. "आत खरखर राहिली तर कण तिथेच चिकटून बसेल," ते स्वतःशीच म्हणायचे आणि माझ्या पोटातून तळवा फिरवायचे. हा माणूस स्वच्छतेचा भारी वेडा. त्यांची बायको डबा द्यायला यायची तेव्हा सांगायची, "घासलेलं ताटसुद्धा परत पुसून घेतात. मला वेड लागायचं बाकी आहे."

माझी मालकीण म्हणजे बाई. त्यांचा अभ्यासच या पडणाऱ्या कणांचा. जहाजावर कप्तानापासून खलाशापर्यंत सगळे त्यांना बाईच म्हणतात. बाईंचं म्हणणं होतं, ऊन वाढायला लागलं की या भागात वरून एकदम लोंढा खाली येतो आणि तो कुणी हिशेबातच धरलेला नाही. त्यांना शिकवलेले सर आता मोहिमेचे प्रमुख होते. त्यांना हे पटत नव्हतं.

"अगं, वरचं वरच खाल्लं जातं," ते चहाचा कप फिरवत म्हणायचे. "तुला लोंढा हवाय म्हणून तो येणार नाही."

"बाटल्या बोलतील, सर."

"बोलू देत. पण ऑफिसचा निर्णय झालाय. यंदा काही मिळालं नाही तर ही जागा बंद."

जागा बंद म्हणजे इथे पुन्हा कुणी मोजणार नाही. बाईंचा प्रश्न कायमचा बासनात आणि मी भंगारात. हे ऐकतच मी पाण्यात उतरलो.

खाली शांतता होती. दर पंधरवड्याला तबकडी फिरायची, भरलेली बाटली बाजूला सरकायची आणि नवी माझ्या घशाखाली यायची. पडलेलं कुजू नये म्हणून प्रत्येक बाटलीत औषध घातलेलं जड खारं पाणी होतं. थंडीच्या दिवसांत नुसती करडी धूळ पडत राहिली. मला बाईंची काळजी वाटायची.

मग एकदाचा तो लोंढा आला! वर हिरवं रान माजलं असणार, कारण आधी दाट चिकट कण आले आणि मागोमाग ते खाऊन फुगलेले, पिशवीसारखे पारदर्शक जीव, मरून, थवेच्या थवे. घशाखालची बाटली बघता बघता भरली. मी हरखून गेलो. बाई खऱ्या ठरल्या होत्या.

तेवढ्यात त्यातलीच एक पिशवी माझ्या घशात आडवी बसली.

तिच्यावर दुसरी बसली. त्यांच्यावर चिखल, चिखलावर कण. मला खाकरता येत नाही, अंग झटकता येत नाही. खाली तबकडी आपली इमानाने फिरली, कोरी बाटली आली आणि कोरीच पुढे गेली. मग दुसरी गेली, तिसरी गेली, चौथी गेली. जे मोजायचं ते सगळं माझ्या पोटात साचत होतं आणि त्याची खूण एकाही बाटलीत नव्हती.

जहाज आलं ते वारा अंगावर घेऊन. वरून ठरलेला आवाज आला, मला तळाच्या वजनाशी धरून ठेवणारी कडी सुटली आणि दोराला बांधलेल्या तरंगत्या गोळ्यांनी मला वर ओढलं. माझा जीव घशातच होता. पृष्ठभागावर लाटांनी हिसके दिले, क्रेनने उचलताना मी कलंडलो आणि तोंडातून थोडा चिखल डेकवर सांडला. एका खलाशाने तो बुटाने बाजूला सारला.

बाटल्या काढून प्रयोगशाळेत नेल्या. तिचं दार डेकवरच उघडतं, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. बाई एकेक बाटली दिव्यासमोर धरत होत्या. धूळ, धूळ, थोडी जास्त धूळ. मग ती गच्च भरलेली. बाईंचा चेहरा उजळला. पुढची रिकामी निघाली. त्यापुढचीही.

"एकच बाटली," सर हळू आवाजात म्हणाले. त्यांना आनंद झाला नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. "एखादा मोठा मासा मरून पडला असेल. लोंढा असता तर पुढच्या चारही भरल्या असत्या ना?"

इकडे माझी देखभाल करायला जहाजावर आलेले मेस्त्री पाण्याचा होज ओढत माझ्याकडे आले.

आमच्याकडची पद्धतच तशी. बाटल्या निघाल्या की नरसाळं लगेच धुवायचं, कारण चिकटा वाळला की खरवडून निघत नाही. धुण्याआधी घशात कुणी डोकावत नसे. इतक्या गुळगुळीत घशात काही अडकेल, हे कुणाच्या मनातही येत नव्हतं. माझा गुळगुळीतपणाच माझ्या मुळावर आला. मेस्त्रींनी नळ सोडला.

पाण्याचा फवारा जाळीवर आदळला. वरचा थर ढवळून काठावरून वाहू लागला आणि डेकच्या नाळीतून समुद्रात जाऊ लागला. मी ओरडू शकत नव्हतो. मेस्त्री शीळ घालत होते.

आत बाईंनी एक रिकामी बाटली पुन्हा दिव्यासमोर धरली.

"सर, हिच्यात धूळसुद्धा नाही."

"तेच म्हणतोय मी."

"नाही हो, नीट बघा. थंडीतल्या बाटल्यांच्या बुडाशीसुद्धा थर आहे. आमच्या घरी चार दिवस पुसलं नाही तर कपाटावर बोट उठतं. आणि अख्ख्या समुद्रात दोन महिने एक कण पडला नाही?"

बोलता बोलताच त्यांनी दाराबाहेर बघितलं. बाटली टेबलावर टाकून त्या धावत सुटल्या. "मेस्त्री, पाणी बंद करा! बंद करा आधी!"

वाऱ्यात आणि क्रेनच्या घरघरीत मेस्त्रींना ऐकू गेलं नाही. बाई सरळ फवाऱ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या, नखशिखान्त भिजल्या. मग खालून माझ्या घशात त्यांनी हात घातला, कोपरापर्यंत, आणि घट्ट तपकिरी गोळा बाहेर काढला. वास असा सुटला की दोन खलाशी तोंड फिरवून निघून गेले.

मेस्त्रींच्या हातातला होज गळून पडला. "बाई, मी काय केलं हे..."

"नेहमीचं केलंत. मी तरी कुठे आधी बघितलं?" बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज रडवेला झाला होता.

सर आले. त्यांनी गोळा बघितला, डेकवरचा ओघळ बघितला आणि चष्मा काढून पुसला. "चुकलो मी. लोंढा आला होता." मग म्हणाले, "उरलंय त्याचं वजन कर आणि त्या चार बाटल्यांत वाटून टाक. तुझं म्हणणं सिद्ध होतं. मी सही करतो."

बाईंना काय हवं होतं ते सगळं त्या एका वाक्यात होतं. त्यांच्या जागी मी असतो तर हो म्हणालो असतो, खोटं कशाला बोलू?

"किती वाहून गेलं माहीत नाही," बाई म्हणाल्या. "कुठल्या पंधरवड्यात किती पडलं तेही माहीत नाही. वाटून कसं टाकू, सर?"

"मग काय लिहिणार?"

"घसा अडकला होता, माप मिळालं नाही."

"त्यावर ही जागा कुणी चालू ठेवणार नाही, बाळा."

"मग आजच परत उतरवू. जहाज इथेच आहे, नरसाळंही इथेच आहे."

कप्तान शिडीवरून ऐकत होते. "हवा बिघडतेय. दुपारपर्यंत काय ते उरका," ते म्हणाले. "आणि बाई, न्यायला मी येईन असा शब्द देत नाही. ऑफिस पाठवेल तर येईन."

मेस्त्रींनी माझा घसा कापून रुंद केला आणि कडा घासून घासून मऊ केल्या. बाईंनी नव्या बाटल्या बसवल्या, घशातून स्वतः हात घालून बघितला आणि मला सोडलं.

तेव्हापासून मी इथे आहे. यंदाही लोंढा आला. या वेळी काही अडकलं नाही, एकामागून एक सगळ्या बाटल्या भरल्या. शेवटची बाटली सरकून गेली आणि तबकडी थांबली, त्यालाही आता बरेच दिवस झाले. वरून पडणारं अजून पडतंच आहे, पण मोजून ठेवायला माझ्याकडे काही उरलं नाही. हवं होतं ते माप, पंधरवड्यागणिक, माझ्याजवळ तयार आहे.

फक्त कुणी आलेलं नाही. ज्या कडीने मला तळाशी धरून ठेवलंय, तिला वरचा आवाज ऐकू यायला बॅटरी लागते आणि ती उतरत चालली आहे. ती संपली की डोक्यावर जहाज येऊन उभं राहिलं तरी मला कळणार नाही. ऑफिसने काय ठरवलं, बाई कुणाकुणाच्या दारात जाऊन बसल्या असतील, मला काही ठाऊक नाही. तुमच्यापैकी कुणाची त्यांच्याशी गाठ पडली तर एवढा निरोप द्या.

बाई, मला अजून ऐकू येतंय. हाक मारा.