सरांचं मनगट

जिलानीनं काउंटरवर हिरवं मखमली फडकं अंथरलं, तळहातानं दोनदा सारखं केलं आणि दोन्ही घड्याळं त्यावर शेजारीशेजारी ठेवली. समोर खुर्चीत बसलेल्या विरूपाक्ष सरांनी चष्मा कपाळावर सरकवून वाकून पाहिलं. हात मात्र मांडीवरच ठेवले.

"पोरांनी पेचात टाकलं मला," ते म्हणाले. "निम्मे म्हणतात हे घ्या, निम्मे म्हणतात ते घ्या. सगळे डॉक्टर, आणि एवढ्याशा गोष्टीत एकमत न्हाई."

"डॉक्टरांचं एकमत झालं की पेशंटनं भ्यावं, सर," जिलानी म्हणाला, तसे दोघंही हसले.

रविवारी सरांच्या क्लासला पंचवीस वर्षं पुरी होत होती. पहिल्या काही बॅचची मुलं आता कुणी नांदेडला, कुणी पुण्याला दवाखाने थाटून बसली होती. त्यांनी मिळून सरांना घड्याळ द्यायचं ठरवलं. तेही सेलवर चालणारं नव्हे; आत नुसती चाकं आणि कमान असलेलं, परदेशी, मोठ्या शहरात काचेच्या कपाटात एकेकटं ठेवतात तसलं. हैदराबादचे यासेरशेठ जिलानीच्या ओळखीचे. त्यांनी भरवशावर दोन पाठवली होती. सरांनी एक ठेवायचं, दुसरं परत जायचं.

पहिलं सोन्याचं, पत्र्यासारखं पातळ. मलईच्या रंगाची डायल, दोनच काटे, काळा मऊ पट्टा. त्याला रोज सकाळी चावी द्यायची. दुसरं पोलादी, जाड, काळ्या डायलचं, भोवती आकड्यांचं फिरतं कडं, जड स्टीलची चेन. समुद्रात बुडी मारणाऱ्यांसाठी केलेलं. लातुरात, जिथं उन्हाळ्यात पाणी आगगाडीनं आणावं लागलं होतं, तिथं त्याचा काय उपयोग, हे जिलानीचं कालच स्वतःला विचारून झालं होतं.

सरांचा पहिला वर्ग याच दुकानाच्या माडीवर भरला होता. त्र्याण्णवच्या भूकंपात सरांचं गाव बसलं. वर्षभरानं ते लातूरला आले तेव्हा अंगावरचे कपडे आणि फिजिक्सची डिग्री एवढंच जवळ होतं. जिलानीच्या वडिलांनी माडी उघडून दिली. सतरंजीवर अकरा पोरं बसली. आता क्लासची स्वतःची चार मजली इमारत होती, एकेका वर्गात तीन-तीनशे मुलं. पण सर अजूनही दुकानात यायचे तेव्हा चप्पल बाहेर काढायचे.

जिलानीचं अर्धं लक्ष घड्याळांत होतं आणि अर्धं पाठीमागं. मागच्या टेबलावर दिव्याखाली हुस्ना बसली होती. उजव्या डोळ्याला भिंग, हातात चिमटा, पुढ्यात एका म्हाताऱ्या तलाठ्याचं उघडलेलं घड्याळ. हुस्ना त्याची थोरली. दोन वर्षं सरांच्या क्लासला होती. डॉक्टरकीच्या परीक्षेला दोनदा बसली. पहिल्यांदा थोडक्यात हुकलं; दुसऱ्यांदा आणखी चार मार्क कमी पडले. त्यानंतर ती पुस्तकं माळ्यावर टाकून या टेबलाशी येऊन बसली, ती बसलीच. कुणी विचारलं तर जिलानी सांगायचा, "जरा मदतीला येती. यंदा परत बसायची हाय परीक्षेला."

फॉर्मची मुदत मंगळवारी संपत होती. दोन दिवसांपूर्वी त्यानं सरांना फोन केला होता. घड्याळं बघायला याल तेव्हा पोरीशी दोन शब्द बोला, तुमचं ऐकंल ती. सर म्हणाले होते, बोलतो.

"हे सोन्याचं तुम्हाला शोभतं सर," जिलानी म्हणाला. "स्टेजवर बसलात, फुल बाह्यांचा शर्ट घातला, की त्यातून नुसती कड दिसंल. साधं आणि भारी."

सरांनी ते डाव्या हातावर बांधून पाहिलं. मान हलवली. मग काढलं आणि पोलादी उचललं. मुठीत धरून त्याचं वजन पाहिलं, कडं फिरवलं. त्याचा कट्कट् आवाज आला तसं परत फिरवलं. हातात घालून कडी लावली आणि लगेच काढून ठेवलं.

"जड हाय," ते म्हणाले.

"मग ठरलं. सोन्याचं."

"हाव. तेच बरं दिसतं माझ्या वयाला."

जिलानीनं सोन्याच्या घड्याळाची डबी जवळ ओढली. आता मुख्य काम. त्यानं सरांकडं अर्थपूर्ण पाहिलं. सरांना आठवलं. त्यांनी घसा साफ केला.

"हुस्ना, अभ्यास कसा चाललाय?"

भिंग काढून ती उठून उभी राहिली, वर्गात राहायची तशी.

"न्हाई चालू, सर."

जिलानीनं फडक्याचं टोक मुडपलं. सर पुढं काहीतरी बोलणार होते, ते शब्द त्यांच्या ओठांवर आलेलेही दिसले. तेवढ्यात हुस्नाच म्हणाली, "सर, ते स्टीलचं तुम्हाला लागलं का कुठं?"

"अं? न्हाई. जड हाय म्हणलं."

"घालताना तुमचा चेहरा बदलला. जड असतं तर हात खाली गेला असता."

"हुस्ना," जिलानी दबक्या आवाजात म्हणाला.

पण ती काउंटरशी आली होती. "वर्गात तुम्ही कधी घड्याळ घालून आला न्हाईत सर. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायचात. आम्हाला वाटायचं, तुम्हाला आवडतच न्हाई हातात. दाखवा बघू."

सरांनी जिलानीकडं पाहिलं, मग हसून शर्टाची बाही वर केली आणि डावा हात फडक्यावर ठेवला. मनगटाच्या वरच्या बाजूला, बरोबर जिथं घड्याळ बसायचं तिथं, हाडाचा उंचवटा होता. हात किंचित आतल्या अंगाला वळलेला. पंचवीस वर्षं या माणसाला ओळखत असून जिलानीनं हे कधी नीट पाहिलं नव्हतं. सर कायम लांब बाह्यांचे शर्ट घालत.

"भूकंपात मोडला व्हता," सर म्हणाले. "छावणीत एवढी गर्दी, कुणीतरी बसवला, तसाच जुळला. काम करतो. फक्त त्याच्यावर काही टेकलं की कळ मारती."

हुस्नानं बोटाचं टोक उंचवट्याभोवती गोल फिरवलं. वर दाबलं नाही. "सोन्याचं पातळ हाय, म्हणून सोसलं."

"म्हणून तर तेच घेतो म्हणलं."

"पण बघत तर तुम्ही त्या दुसऱ्याकडंच राहिलात."

सरांनी पोलादी घड्याळ उचललं, दोन्ही तळहातांची ओंजळ करून त्यात धरलं आणि ओंजळीच्या फटीतून आत पाहिलं. असं करताना ते अगदी लहान पोरासारखे दिसले.

"चमकतं बघ," ते म्हणाले.

"हाव सर. काट्यांना चमकणारा रंग लावलेला असतो."

"मी गणपती विसर्जनाला गावाकडं गेलो व्हतो," सर सांगू लागले. आवाजात काही चढउतार नव्हता. वर्गात एखादं गणित मांडावं तसं. "पहाटं घर बसलं. दगडमातीची घरं आमची, तीन-तीन हात रुंदीच्या भिंती. मी तुळईखाली सापडलो, म्हणून वाचलो. आत काळाकुट्ट अंधार. सुरुवातीला आईचा आवाज यायचा. मग बंद झाला. किती वेळ गेला कळत न्हाई अशा जागी. मला वाटलं, दोन दिवस झाले. मग वरून दगड हलला आणि भोकातून एक हात आत आला. जवानाचा असंल. त्या हातात असलं घड्याळ व्हतं. अंधारात काटे हिरवे दिसले. पावणेदोन. मी आधी काय केलं सांगू? वेळ बघितली. भोकातून उजेड, म्हणजे दुपार; शेजारच्या चौकटीत तारीख तीच. म्हणजे आजचाच दिवस हाय अजून. मग तो हात धरला."

त्यांनी ओंजळ उघडली. घड्याळ फडक्यावर ठेवलं.

"त्या माणसाचं तोंड काही आठवत न्हाई मला," ते म्हणाले. "ठेव. सोन्याचंच बांध. रविवारी सगळे बघणार, लोकांना सोन्याचंच बरं वाटतं."

जिलानीनं डबीकडं हात नेला, पण डबी उचलली नाही. हुस्नानं पोलादी घड्याळ घेतलं आणि विचारलं, "अर्धा तास हाय का सर?"

"कशाला?"

"बसा."

तिनं टेबलाशी जाऊन स्टीलची चेन सोडवली. दोन पिना दाबल्या, चेन अलगद निघाली. ती तिनं पुसून डबीत ठेवली. मग खालच्या कप्प्यातून तपकिरी कातड्याचा रुंद तुकडा काढला, एक कागदाची पट्टी घेऊन परत काउंटरशी आली आणि सरांच्या मनगटाभोवती गुंडाळली. उंचवटा जिथं येत होता तिथं पेन्सिलीनं गोल काढला. पण तेवढ्यावर तिचं समाधान झालं नाही. "सर, फळ्यावर लिहिता तसा उजवा हात करा. आणि डाव्या हातात डस्टर. तसंच. आता पुसा." सरांनी हवेत फळा पुसला. हाड थोडं सरकलं. तिनं गोल खोडून जरासा लांबट केला.

जिलानी बघत राहिला. हे तिला त्यानं शिकवलं नव्हतं. कमान बसवायची, चाकांना तेल द्यायचं, हे शिकवलं होतं. तेही अर्ध्या मनानं, पोरीचं मन रमावं म्हणून. त्याची स्वतःची मान तीस वर्षं या दिव्याखाली वाकून आता सरळ होत नव्हती. गिऱ्हाईक यायचं ते सेल बदलायला. तिला पांढऱ्या कोटात बघायचं, ही त्याची आणि त्याच्या बायकोची, बिलकीसची, एकच हौस होती, आणि त्यात त्याला आजही काही चूक वाटत नव्हती.

हुस्नानं कातडं कापलं. मधोमध, पेन्सिलीच्या खुणेवर, धारदार पात्यानं भोक पाडलं, त्याच्या कडा कानशीनं घासून मऊ केल्या. ही झाली मनगटावरची गादी. तिच्यावरून साधा पट्टा ओवला, पट्ट्यात घड्याळ. मग ती सरांच्या पुढ्यात बसली, भोक बरोबर उंचवट्यावर आलं तसा पट्टा ओढला.

"हलवा."

सरांनी मूठ वळली, सोडली. हात वर केला, खाली केला. काउंटरवर हलकेच आपटून पाहिला. घड्याळ गादीवर टेकलं होतं. हाड भोकात मोकळं होतं.

"कळ न्हाई," ते म्हणाले. मग जरा थांबून, "एवढं कसं सुचलं तुला?"

"तुमचा हात बघून."

सर हसले. "वर्गात बी अशीच बघत असशील. दुसऱ्या रांगेत बसायचीस न्हाई का तू?"

"पाचव्या, सर. खांबाजवळ."

ती परत टेबलाशी गेली. तलाठ्याचं घड्याळ तसंच उघडं पडलं होतं. तिनं भिंग डोळ्याला लावलं.

जिलानी सरांना गाडीपर्यंत सोडायला गेला. दुपारचं ऊन रस्त्यावर आडवं पसरलं होतं. गंजगोलाईच्या चौकाकडून क्लास सुटलेली पोरं पाठीवर बॅगा टाकून लोंढ्यानं येत होती. त्यातल्या काहींनी सरांना ओळखलं आणि सायकलवरूनच मान लववली. सर बाही वर करूनच उभे होते.

"सर, ते बोलायचं राहिलं," जिलानी म्हणाला.

"काय?"

"हुस्नाचं. परीक्षेचं."

सरांनी गाडीचं दार उघडलं आणि तसंच धरून ठेवलं. पोरांचा लोंढा संपेपर्यंत ते तिकडंच बघत राहिले.

"दोन वर्षं पाचव्या रांगेत व्हती म्हणती," ते म्हणाले. "मला आठवेना, जिलानीभाई." आणि आत बसले.

जिलानी दुकानात परतला तेव्हा हुस्नानं मान वर केली नाही.

"तुम्हीच बोलावलं व्हतं ना अब्बा त्यांना? माझ्यासाठी?"

जिलानीनं काउंटरवरचं सोन्याचं घड्याळ उचललं, काच मऊ कापडानं पुसली आणि ते डबीत बसवलं. बराच वेळ तो डबीचं झाकण उघडत-मिटत राहिला.

"हे परत न्यायचं हाय हैदराबादला," तो म्हणाला. "सोमवारी सकाळच्या बसनं तू जा."

हुस्नाचा चिमटा थांबला. "मी?"

"यासेरशेठच्या दुकानामागं त्यांचा कारखाना हाय. सहा कारागीर बसतात. असली घड्याळं रोज उघडतात ते लोक. सांग, जिलानीची पोरगी हाय, जवळ बसून बघू द्या. मी फोन करतो. दोन-चार दिवस तुझ्या खालाकडं ऱ्हा."

ती भिंग काढून त्याच्याकडं बघू लागली. डोळ्याभोवती भिंगाचा लालसर वळ उमटला होता, जिलानीच्या डोळ्याभोवती कायमचा होता तसाच.

"मंगळवारी फॉर्मची शेवटची तारीख हाय, अब्बा."

जिलानी डबीवर कागद गुंडाळत होता. एक घडी चुकली. त्यानं कागद उलगडला, हातानं सारखा केला आणि पुन्हा पहिल्यापासून दुमडायला लागला.

"मग मंगळवारी सकाळी लवकर जा कारखान्यात," तो म्हणाला. "दुपारनंतर तिथं उजेड कमी असतो."