झोपलेले कंद

शेजारची जैनबबी एप्रिलमध्ये लेकीच्या, फलकच्या, बाळंतपणासाठी अकोल्याला निघाली, तेव्हा तिनं दोन कुंड्या माझ्या व्हरांड्यात आणून ठेवल्या. तिच्या भावानं काश्मीरहून आणलेले सायक्लामेनचे चपटे कंद होते त्यांत. थंडीत बोटभर उंचीची गुलाबी फुलं यायची. आता मात्र नुसती माती दिसत होती. मेले नाहीत, झोपलेत, मी येईपर्यंत पाण्याचा थेंबही नको, असं तिनं दोनदा बजावलं. तिसरी कुंडी तिनं फलकसाठी नेली.

बत्तीस वर्षं मी शाळेत पोरांना ‘सांगितलेलं ऐकत जा’ म्हणून दटावत आले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण! मे महिन्यात अमरावती तापली. त्या दिवसांत आमच्याकडे दाराशी आलेली गायसुद्धा तहानलेली परत जात नाही. पाखरांसाठी पाण्याचं मातीचं परळ भरता भरता मी तांब्याभर पाणी त्या कुंड्यांतही ओतू लागले आणि रोज मनातल्या मनात पुण्य मोजलं.

जूनमध्ये वास सुटला. उकरलं तर कंद सडक्या कांद्यासारखे बोटांत फुटले. मी ते फेकून दिले, माती सारखी केली आणि गप्प बसले.

सप्टेंबरात जैनबबी परतली आणि कुंड्या घेऊन गेली. रोज बेतानं पाणी द्यायची, वाकून बघायची. दिवाळी होऊन गेली तरी कोंब नाही. मोहल्ल्यातली तान्ही बाळं तेल लावायला तिच्याकडेच यायची. आता ती आयांना परत पाठवू लागली. गुडघे दुखतात म्हणायची. मला खरं कारण कळत होतं, पण गुडघ्यांवर विश्वास ठेवणं सोयीचं होतं.

डिसेंबरात फलक बाळाला घेऊन आली. सोबत तिसरी कुंडी होती, फुलांनी भरलेली. आठ दिवसांनी जैनबबीनं ती कुंडी माझ्या हातात दिली.

"तुमीच ठेवा बाई. माह्या हाताची बरकत गेली."

मला स्वतःची किळस आली.

"कंद मी मारले," मी म्हणाले. "उन्हाळाभर पाणी घातलं. जूनमध्येच सडले होते. मी फेकून दिले आणि तुला सांगितलं नाही."

ती पायरीवर बसली. बराच वेळ स्वतःच्या तळव्यांकडे बघत राहिली.

"फलकले येऊन आठ दिवस झाले," ती म्हणाली. "लेकराले एकदाबी उचललं नाही मी. वाटे, माह्या हातानं त्याचंबी वाईट होईन."

मी माफी मागितली. ती उठली, फाटकापाशी थांबली.

"त्या कुंडीले पाणी मी सांगीन तवाच देजा."

थोड्या वेळानं भिंतीपलीकडून तिनं फलककडे तेलाची वाटी मागितली. मग बाळ रडू लागलं, आणि हळूहळू रडायचं थांबलं. कुंडी मांडीवर घेऊन मी तिथंच बसून राहिले.