पायरीचा दगड

मदतीला धावून जाणाऱ्या माणसाला एक खोड असते, त्याला घाई फार. जोतिबा हवालदाराला तर ती फौजेतच लागली होती. पेन्शन घेऊन उंब्रजला परतल्यावर ऊस आणि दोन म्हशी एवढ्यात त्याचं मन काही रमेना. दोन हजार एकोणीस साली कृष्णेला महापूर आला, सांगलीत माणसं गच्च्यांवर जाऊन बसली, तेव्हा यानं गावातली धडधाकट माणसं गोळा केली, पुतण्या जयराजचा ट्रॅक्टर घेतला आणि पाणी पुरतं ओसरायच्या आत मिरजेच्या पलीकडं, नदीच्या वळणावरच्या एका गावात तळ ठोकला.

गाव म्हणायचं एवढंच. मातीची घरं जागच्या जागी बसली होती, विटांची उभी होती पण आतून कुजली होती. मेलेल्या जनावरांचा वास नाकातून जात नव्हता. माणसं सगळी सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका कॉलेजात छावणीला गेलेली. शाळेच्या दोन खोल्यांपैकी एक पार झोपली होती. जोतिबानं मनाशी ठरवून टाकलं की गाव परत येईल तेव्हा शाळा उभी दिसली पाहिजे. ठरवलं ते चांगलंच ठरवलं, त्याला कोण नाव ठेवील?

सिमेंट आलं, वाळू आली, पत्रे आले. जोत्याला दगड मिळेना. खाणीची वाट अजून पाण्याखाली होती. चार दिवस हात बांधून बसल्यावर जोतिबाचा जीव कासावीस झाला. पाचव्या दिवशी जयराजनं नदीकडंची एक मोकळी जागा पाहून ठेवली. बाभळी आडव्या झालेल्या, कुंपणाची भिंत कोसळलेली, गुडघाभर गाळ, आणि गाळातून डोकी वर काढलेले काळे दगड. पुरानंच आणून टाकलेत, असं सगळ्यांना वाटलं. विचारायला गावात कोणी नव्हतं. छावणीत एक माणूस पाठवून विचारता आलं असतं, मोटारसायकलवरून जाऊन दुपारपर्यंत परत आला असता. पण जोतिबा म्हणाला की देवानं फुकटचा माल पुढ्यात टाकलाय, भरा ट्रॉल्या. पहिला दगड त्यानं स्वतः उचलला.

पुढं माणसं परतली. शाळेचं जोतं तोवर वर आलं होतं, भिंती चढत होत्या, आणि परतलेल्या बायाबापड्या ते बघून डोळ्याला पदर लावत होत्या. गावातला रसूल गवंडी दुसऱ्याच दिवशी थापी घेऊन कामाला आला. साठी ओलांडलेला, कमी बोलणारा माणूस. तो शाळेकडं आला नाही, वरच्या आळीतली घरं त्यानं हाती घेतली. चहाच्या वेळी जोतिबा त्याच्याजवळ जाऊन बसे. एकदा रसूलनं सांगितलं की त्याची बायको शमशाद उन्हाळ्यात गेली, आणि पुरात कबरस्तान पार सपाट झालं, एक खूण म्हणून राहिली नाही. जोतिबाला फार वाईट वाटलं. त्यानं रसूलच्या खांद्यावर हात ठेवला आणि नदीला दोन शिव्या दिल्या. कबरस्तान नक्की कुठं आहे हे विचारायचं त्याला सुचलं नाही.

शाळा पुरी झाली. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी जयराज दारावर पताका बांधत होता, जोतिबा खाली उभा होता, तेव्हा रसूल पहिल्यांदा शाळा बघायला आला. त्यानं भिंतीवर हात फिरवला, कोपऱ्यांवरून एक डोळा मिटून नजर टाकली, बरं केलंय म्हणाला. मग आत जायला पाय उचलला आणि तसाच मागं घेतला.

पायरीला एक लांबट काळा दगड बसवलेला होता. त्याच्या मधून पांढरी शीर गेली होती. दिसायला देखणा म्हणून जोतिबानंच तो पायरीसाठी निवडून ठेवला होता. रसूल खाली बसला. हाताच्या पंज्यानं दगडावरची माती पुसू लागला. पताका बांधणारी माणसं सकाळपासून त्यावरूनच ये-जा करत होती.

"हवालदार," तो म्हणाला, "ह्यो शमशादच्या उशाचा दगड हाय."

जोतिबाला आधी कळलंच नाही. मग कळलं, नदीकडची ती मोकळी जागा म्हणजेच कबरस्तान. त्या गावात कबरीवर नाव लिहायची रीत नव्हती. ऐपतही नव्हती. उशाला एक दगड रोवायचा, आणि ज्याचा त्याला तो ओळखू यायचा. रसूलनं हा खाणीतून स्वतः पारखून आणला होता, शीर बघून. जोतिबानं शाळेच्या जोत्याकडं पाहिलं. खालपासून वरपर्यंत आत तसलेच काळे दगड होते. एकेका घराचं माणूस त्यानं सिमेंटमध्ये चिणून टाकलं होतं, आणि वर चुन्याचा हात मारला होता.

त्यानं पहार मागवली. जयराज कुरकुरला की उद्या माणसं यायची, दारातली पायरी फोडून कसं चालेल, नंतर बघू. जोतिबानं त्याच्याकडं असं पाहिलं की तो गुमान बाजूला झाला. हवालदारानं स्वतः घाव घातले. आवाजानं आळीतली माणसं जमली. दगड निघाला. रसूलनं तो फडक्यानं पुसला, पण उचलला नाही.

"दगड काय, मी दुसराबी आणीन. खाणीत लय पडल्यात," तो म्हणाला. "मला जागा दावा. कुठनं उचलला?"

जोतिबाला दगड आठवत होता. वजन आठवत होतं, शीर बघून आपण खूश झालो होतो तेही आठवत होतं. जागा आठवत नव्हती. सगळीकडं एकसारखा गाळ होता आणि त्याची सगळी नजर ट्रॉली किती भरली याकडं. दोघं नदीकडं निघाले. जोतिबानं दगड खांद्यावर घेतला होता. वाटेत तो शंभरदा म्हणाला मनात, की सांगून टाक, ठाऊक नाही म्हण, माफी माग. कबरस्तानात पोचले तर गाळ वाळून भेगाळला होता, ट्रॅक्टरच्या चाकांनी उलटासुलटा झाला होता, आणि उभं म्हणावं असं एकच कडुलिंबाचं झाड होतं. रसूल त्याच्या तोंडाकडं बघत उभा राहिला. लहान मूल बघतं तसा.

जोतिबानं हात केला लिंबाकडं. "हितनं," तो म्हणाला. "झाडाच्या बुडाला हुता. मला चांगलं ध्यानात हाय."

रसूल थोडा वेळ त्या जागेकडं बघत राहिला. मग दोघांनी मिळून दगड रोवला. रसूल गुडघे मोडून बसला, हात पसरून फातेहा पढला, आणि पढता पढता त्याला हुंदका फुटला. नंतर तो बराच वेळ रडत होता. जोतिबा पाठ फिरवून नदीकडं बघत राहिला. खोटं बोललो याची लाज होतीच, पण खरं सांगायचं तर त्याला हायसंही वाटलं. एवढ्यावर भागलं, असं त्याला वाटलं.

सकाळी मांडव सजला होता. हार आले होते, पेढे आले होते, उंब्रजची माणसं धुतलेले कपडे घालून बसली होती. गावातली निम्मी माणसं मात्र मांडवात नव्हती. ती शाळेच्या मागच्या अंगाला जोत्यापाशी उभी होती. कोणी भांडायला आलं नव्हतं, एखाददुसरा वाकून दगड निरखत होता, नखानं चुना खरवडत होता. अश्फाक नावाच्या चहावाल्याला बापाचा दगड सापडला होता. त्याच्या पुढं सुमैरा नावाची बाई उभी होती, पंचविशीची असेल, डोक्यावरचा पदर दातात धरलेला. जोतिबा दिसताच ती पुढं आली.

"रसूलचाचाचा दगड तुमी बरूबर जाग्याव नेला म्हणं," ती म्हणाली. तिनं खालच्या थरातल्या एका दगडाला हात लावला. विटेएवढा असेल. "माझं लेकरू ल्हान हुतं, म्हणून दगडबी ल्हानच ठेवलावता. ह्यो कुठनं उचलला, तेवढं दावा."

जोतिबानं रसूलला गर्दीत शोधलं, दंडाला धरून भिंतीच्या आड नेलं आणि सांगून टाकलं. "चाचा, मला ठाऊक न्हाई. कालबी न्हवतं."

"मला ठाऊक हाय," रसूल म्हणाला. "लिंबाखाली कबर कोण खणत न्हाई, हवालदार. मुळ्या लागत्यात. ती कुंपणाच्या अंगाला हुती, नेमकी कुठं ते आता कळायचं न्हाई."

मग काल गप्प का बसलात, असं जोतिबानं विचारलं.

पूर आल्यापासून आपण रडलो नव्हतो, रसूल म्हणाला. घर गेलं, छावणीत राहिलो, परत आलो, भिंती बांधल्या, पण रडायला कुठं बसावं तेच कळत नव्हतं. काल बसलो. मग त्यानं भिंतीआडून सुमैराकडं पाहिलं.

"तिलाबी दावा," तो म्हणाला. "कुठंबी दावा. पर इचार करत थांबू नगा. थांबलासा तर तिला कळंल."

मांडवातून जयराज हाका मारत होता, पाहुण्यांची गाडी आली होती. जोतिबानं त्याच्याकडून पहार मागून घेतली, जोत्याच्या खालच्या थरात घातली आणि तो छोटा दगड सोडवून काढला. हातात काही वजनच लागेना. तो कबरस्तानाकडं चालू लागला. सुमैरानं दगड मागितला नाही, ती नुसती मागं मागं येत होती, तिच्या मागं अश्फाक आणि त्याच्या मागं बाकीची माणसं. मागं वळून बघायचं त्याला धाडस झालं नाही. पावलं जराही हळू न करता तो समोरच्या गाळात डोळ्यांनी जागा शोधू लागला, एका लहान मुलाला पुरेल एवढी.