अकरावा फर्मा

पुस्तकं आम्ही शिवायची आणि ती वाचायची परवानगी दुसऱ्याकडे मागायची, हा कुठला न्याय ते मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

चौदा वर्षं मी बाइंडिंगच्या कारखान्यात आहे. एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापून येतात, त्याची घडी घातली की झाला फर्मा. फर्मे क्रमाने लावायचे, शिवायचे, कापायचे, पुठ्ठा चढवायचा. माझी शाळा सातवीत सुटली, पुढचं शिक्षण फर्म्यांवर झालं. न कापलेला फर्मा वरून बंद असतो. बोटाने फुगवून आत डोकावावं लागतं, दुसऱ्याच्या खिशात बघावं तसं. कर कुणाच्या मानेवर बसतो, युद्धं कुणाच्या फायद्यासाठी चालतात, देवाच्या नावाने राज्यं कशी उभी राहतात, हे मी असं चोरून डोकावत शिकले. पण तुकड्यांनी. एका पुस्तकाचा तिसरा फर्मा, दुसऱ्याचा नववा. युद्ध पेटलेलं कळायचं, कशावरून पेटलं ते नाही.

माझी ताई शेजारीच बसून शिवते. ती म्हणायची, "अगं, सुई बघ. जग कुठे पळून जात नाही, बोट जाईल."

अख्खी पुस्तकं होती वाचनालयात, काचेच्या कपाटात. अर्थशास्त्र, धर्म, जगाचं राजकारण. कादंबऱ्या कुणीही न्याव्यात, हे कपाट मात्र पदवीधरांचं. ज्याच्याकडे पदवी नाही त्याने अभ्यासमंडळासमोर उभं राहून प्रश्नांची उत्तरं द्यायची. पटली तर कार्ड. अशी संधी तीनदाच. तिसऱ्यांदा हुकली की कपाट जन्माचं बंद.

मंडळाचे अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक, त्यांना सगळे 'सर' म्हणतात. पहिल्या वेळी त्यांनी विचारलं, "कोणतं पुस्तक पूर्ण वाचलंय?" मी खरं ते सांगितलं, "पूर्ण नाही सर. एकाचा तिसरा फर्मा, एकाचा नववा." मंडळी अशी हसली की खुर्च्या हलल्या. दुसऱ्या वेळी, "घर सांभाळून हे झेपेल का?" एवढं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता चहा मागवला.

तिसरी संधी मी दोन वर्षं राखून ठेवली. मग कारखान्यात एकाच प्रकाशकाची दोन पुस्तकं आली. एक धान्याच्या बाजारावरचं, दुसरं धर्मपीठांच्या इतिहासावरचं. आकार एक, कागद एक, टाइप एक. दोन्हींची एकेक प्रत पुठ्ठा वाकडा बसल्यामुळे बाद झाली, ती मालकांनी मला देऊन टाकली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंतची पुस्तकं होती. चारचारदा वाचली.

पण त्याआधी घोळ झाला होता, आणि तो मीच घातला होता. जुळणीच्या टेबलाशी मी धर्माच्या पुस्तकाचा अकरावा फर्मा फुगवून वाचत होते. मालकांची चाहूल लागली तसा हातातला पंचवीसांचा गठ्ठा झटकन खाली ठेवला, तो नेमका धान्याच्या अकराव्या फर्म्यांवर. पानांचे आकडेही तेच, एकशे एकसष्ट ते एकशे शहात्तर. धान्याच्या पुस्तकाच्या पंचवीस प्रती तशाच शिवल्या गेल्या आणि बाहेर पडल्या. शेवटी एकीकडे पंचवीस फर्मे उरले, दुसरीकडे पंचवीस कमी पडले, तेव्हा मला घोळ कळला.

मालकांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "तक्रार आली की बघू. आणि येणार नाही. असली पुस्तकं लोक दिवाणखान्यात ठेवायला घेतात. तू बाहेर तोंड उघडलंस तर मात्र उद्यापासून येऊ नकोस."

चार महिने एकही तक्रार नाही. आणि त्या पंचवीसांतल्या पाच प्रती अभ्यासमंडळानेच घेतल्या होत्या! दोन बैठका त्यावर झाल्या. वाचनालयाच्या फळ्यावर सरांचा अभिप्राय लागला: 'प्रत्येक पान सोन्याने तोलावं असं.'

तिसऱ्यांदा निघाले तेव्हा खरे अकरावे फर्मे, पाच, नीट कापून पिशवीत टाकले. दाखवायचे की नाही ते ठरलं नव्हतं.

"काय गं आहे पिशवीत?" ताईने विचारलं.

"नोकरी."

तिने चप्पल घातली आणि माझ्याबरोबर निघाली.

लांब टेबलामागे सर, त्यांच्या उजवीकडे वकीलसाहेब, कडेला ग्रंथपालबाई, आणखी चार मंडळी. प्रत्येकापुढे कागद, मधोमध त्या पाच प्रती. सर म्हणाले, "बोला. या वेळी किती फर्मे?"

"अख्खं पुस्तक. तुमच्यासमोर आहे तेच."

"अरे वा! मग सांगा, यातलं सगळ्यात महत्त्वाचं काय?"

"भाव पडला की पहिला फटका पेरणाऱ्याला बसत नाही, व्यापाऱ्याला तर नाहीच. तो बसतो पोती वाहणाऱ्याला. कारण माल गोदामातच अडवून ठेवतात, त्याची पाठ रिकामी राहते. आणि त्याची उपासमार कुठल्याच सरकारी आकड्यात येत नाही. लेखकाने तीन बंदरांचे दाखले दिलेत. सगळं पुस्तक त्या एका जागेवर उभं आहे. पान एकशे चौसष्टपासून पुढे."

सरांनी प्रत उघडली. पान बघितलं, चष्मा वर केला, हसले. "बाई, असं या पुस्तकात काहीही नाही. मी दोनदा वाचलंय. मनाने रचून सांगायला हे काही गोष्टीचं पुस्तक नव्हे." त्यांनी पेन उचललं.

माझं उत्तर बरोबर होतं आणि माझ्याच चुकीने ते खोटं ठरत होतं. गप्प बसले तर कपाट गेलं, बोलले तर नोकरी. मागे ताई खोकली. तिचा तो खोकला मला माहीत आहे. सुई अडली की ती असंच खोकते: ओढ आता.

"सर, एकशे साठचं शेवटचं वाक्य जरा मोठ्याने वाचा. आणि न थांबता पुढचं पान."

"कशाला?"

"दोनदा वाचलंय ना? तिसऱ्यांदा काय जड आहे?"

त्यांनी वाचलं. "भाव कोसळला की सर्वांत आधी उपाशी राहतो तो... घंटा वाजवण्याचा मान कुणाचा यावरून दोन धर्मगुरूंचं भांडण तीन पिढ्या चाललं."

"हे," सर सावरून बसले, "लेखकाचं तंत्र आहे. अर्थकारणाला धर्माचा आरसा—"

"तंत्र नाही सर. माझी चूक आहे. दुसऱ्या पुस्तकाचा फर्मा यात मी घातला. पाचही प्रतींत धर्मगुरूच भांडतायत." मी पिशवीतले फर्मे टेबलावर ठेवले. "हे खरे. मी चुकले ते मी सांगितलं. आता तुम्ही सांगा, चार महिन्यांत हे कुणाकुणाला दिसलं?"

वकीलसाहेबांनी कपाळाला हात लावला. "मला दिसलं होतं. वाटलं, आपल्यालाच समजत नाहीये. सरांना विचारायची लाज वाटली."

"मलाही," एक जण म्हणाला. बाकीचे नुसतेच खाली बघत राहिले. ते तिथवर पोचलेच नव्हते.

हे बघा, मला राग याचा नाही की त्यांनी वाचलं नाही. न वाचता दारावर पहारा दिला, याचा आहे.

मी तिथेच कात्री आणि चिकटवायची खळ मागितली. एका प्रतीच्या पाठीतला त्या फर्म्यापुरता दोरा कापला, धर्मगुरूंना अलगद ओढून काढलं, खऱ्या फर्म्याच्या घडीला खळ लावून तो बसवला. सात पदव्या मान लांब करून बघत होत्या. मग ती प्रत सरांपुढे सरकवली.

सरांनी ती उचलली नाही. मग त्यांनी ती उलट माझ्याकडेच सरकवली आणि म्हणाले, "तुम्ही वाचा."

वाचलं. उभ्याने, सोळाच्या सोळा पानं. चहा आला तो निवला, कुणी हात लावला नाही. संपल्यावर ग्रंथपालबाई उठल्या, पदवीच्या नियमाची पाटी कपाटावरून काढली आणि उलटी करून टेबलावर ठेवली. सरांकडे बघितलंसुद्धा नाही. सरांनी पेनाला टोपण लावलं. उरलेल्या चार प्रतीही मी तिथेच दुरुस्त करून दिल्या.

दुसऱ्या दिवशी मालक तणतणत आले. पण वाचनालयाची चिठ्ठी आधीच पोचली होती: पाच प्रती दुरुस्त करून मिळाल्या, उरलेल्या वीसही मागवून घ्या, आणि आमची बांधणीला येणारी पुस्तकं यापुढे हिच्याच हातून तपासून पाठवा, नाहीतर आम्ही दुसरा कारखाना बघतो. मालकांनी ती दोनदा वाचली. "बस कामाला," म्हणाले.

संध्याकाळी आम्ही दोघी कपाटासमोर. मी जगाच्या राजकारणावरचा एक जाडजूड ठोकळा काढला आणि सवयीने फर्मे मोजायला लागले.

"मोजू नकोस," ताई म्हणाली. "माझी शिलाई आहे ती. मी कामाच्या वेळी वाचत नाही." मग तिने तो माझ्या हातातून ओढून घेतला. "दे इकडे. हा आधी मी नेणार."