टिटवीच्या माईकपुढची जाळी

मित्रांनो, माझ्यातून आरपार दिसते, म्हणूनच बहुधा मी कुणाला दिसत नाही. मी एक जुनी जाळी आहे, गाणाऱ्याचे तोंड आणि माईक यांच्यामध्ये उभी राहणारी. गाताना ‘प’ किंवा ‘भ’ आला की तोंडातल्या हवेचा धक्का बसतो आणि माईकमध्ये फट्‌ असा आवाज येतो. तो धक्का मी अंगावर झेलते आणि सूर तेवढा पुढे जाऊ देते.

मला घडवले टिटवीच्या आईने. टिटवी हे काही खरे नाव नव्हे. पोरीचा आवाज पाळण्यातूनच टिपेला जायचा, म्हणून आई तिला तशी हाक मारी. काचबिंदूने आईची नजर गेलेली. तरी तिने चाचपत भरतकामाची गोल रिंग घेतली आणि स्वतःचा पातळ नायलॉनचा मोजा तिच्यावर ताणून बसवला.

“हसू नकोस गं,” ती म्हणाली. “माझा मोजा आता मोठ्या लोकांत जाणार. धुतलेला आहे हो!”

या आईचाही गळा एके काळी गोड होता. पण लग्न झाले आणि तिचे गाणे भांड्यांच्या आवाजात बुडाले. ती म्हणे, “माझा नाही तर नाही, तुझा तरी आवाज उंबऱ्याबाहेर जाऊ दे. रेडिओवर लागलीस ना, की पहिल्या श्वासाला ओळखते की नाही बघ.” तेवढ्या एका आशेवर माउली दिवस काढत होती.

अखेर एका संगीतकारांकडून गाण्याच्या रेकॉर्डिंगचे बोलावणे आले. भिंतींना स्पंज लावलेल्या त्या खोलीत टिटवीने मला माईकपुढे अडकवले. गाणे नाचायचे होते, स्वतःच्या पायांवर उभ्या राहिलेल्या बाईचे:

चावी माझी, वाट माझी,
थांबले तर मर्जी माझी!

काय गायली हो ती! वर चढण्याआधी ती एक छोटा श्वास घेई, आता हसू फुटेल असा. ती लकब थेट आईची. तो श्वास माझ्या धाग्याधाग्यांतून जाई आणि मी धन्य होई.

मग काचेपलीकडे काम सुरू झाले. संगीतकार म्हणाले, “श्वास सगळे काढ.” रेकॉर्डिस्ट म्हणाला, “सर, हा एक राहू द्या. गोड आहे.”

“लोक नाचणार आहेत रे, श्वास मोजणार नाहीत.”

श्वास गेले. सुरांवर इस्त्री फिरली. आवाज थोडा वर चढवला, एकावर एक थर दिले. टिटवी चाचरत म्हणाली, “सर, थोडा तरी माझ्यासारखा ठेवा ना.”

“अगं, तुझाच आहे! दुसरी कुणी गायली का?”

स्पीकरवर ‘मर्जी माझी’ वाजत होते आणि टिटवी होकाराची मान हलवत होती.

गाणे रेडिओवर लागले तेव्हा मी घरी खिळ्याला टांगलेली होते. आई जिवाचा कान करून बसली होती. गाणे संपले. ती म्हणाली, “बरी गाते ही. तुझं कधी लागणार?”

“आई, हेच माझं.”

“चल! आईला बनवतेस?”

टिटवीने तिथेच तीच ओळ गाऊन दाखवली. आईचा चेहरा उजळला. “हां, ही तू! मग तिथे अशी का नाही गायलीस?”

टिटवीने उठून रेडिओ बंद केला.

गाणे खूप गाजले. गल्लीगल्लीत लोक त्यावर नाचले. कार्यक्रमांची आमंत्रणे आली, पण पहिल्याच कार्यक्रमात लोक ओरडले, “ही ती नव्हे!” संगीतकार म्हणाले, “रेकॉर्डवर आहे तसंच गायला शिक. नाहीतर दुसरी बघावी लागेल.”

तेव्हापासून टिटवी रोज माझ्यापुढे उभी राहते आणि श्वास चोरून, सपाट आवाजात गाते. हसू फुटेलसा तो श्वास आला की स्वतःच चिडून थांबते, पुन्हा सुरुवात करते. हल्ली तो येतच नाही. मी अंग ताणून वाट पाहते, पण माझ्या धाग्यांना काही जाणवत नाही.

मित्रांनो, ज्याने कंठ घडवले त्याने दोन कंठ सारखे घडवले नाहीत. तुमच्या घरात कुणी गात असेल, तर त्याला दुसऱ्यासारखे गा म्हणू नका. जाळी फाटली तर नवी ताणता येते. गळ्याचे तसे नसते हो.

काल टिटवीला ते गाणे अगदी रेकॉर्डसारखे जमले. एकही श्वास ऐकू आला नाही. तेवढ्यात आतल्या खोलीतून आईने हाक मारली, “टिटवे, कोण आलंय गं?”

टिटवी माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “कुणी नाही, आई.”