शिहूच्या कड्यावर

वान बाओशेंगची आई तापातून वाचली, पण तिच्या तोंडाची कोरड काही जाईना. पेजेचा घोटही घशाखाली उतरेना. वैद्यबुवांनी नाडी पाहिली आणि म्हणाले, “दुकानातलं वाळकं नको. कड्यावरचं ताजं शिहू आणा.”

शिहू आमच्या यानदांग डोंगरात उघड्या कातळाला मुळं चिकटवून वाढतं. फुलं फिकट पिवळी, नाजूक; औषध मात्र त्याच्या हिरव्या कांड्यांत. बाओशेंगच्या घराण्यातले पुरुष पिढ्यानपिढ्या दोरावरून उतरून ते काढत आले. त्याचे वडील, म्हातारे वान, आता फक्त वर बसून दोर सोडत.

त्या सकाळी आभाळ भरलेलं होतं. बाओशेंगची बायको यूचान म्हणाली, “आज नको जाऊस. कातळ ओला असेल.”

“आईचा घसा आभाळ निवळायची वाट बघेल का?”

ती दोराचं वेटोळं उचलायला वाकली, तर सासऱ्यांनी ते ओढूनच घेतलं. “हात लावू नकोस, सूनबाई. बाई दोराला शिवली की डोंगरदेव कोपतो.”

यूचान भात शिजवायला चुलीकडे वळली.

दुपारी ती भात आणि खारवलेला मासा घेऊन समोरच्या डोंगराच्या पायवाटेने कड्याच्या माथ्याकडे निघाली. कड्यासमोर आली आणि तिचे पाय थबकले. पुढे झुकलेल्या कातळाखाली एका अरुंद खोबणीत बाओशेंग उभा होता, आणि दोर त्याच्या हातात नव्हता. शिहू काढायला तो दोराला बांधलेल्या फळीवरून उतरला होता, दोर दगडाला बांधला होता, आणि गाठ निसटली होती. बसायची फळी आता समोर हवेत लोंबत होती. टोकाला आकडी असलेली त्याची काठीही तिथवर पोचत नव्हती. खाली नुसती दरी.

आणि तो गुडघ्यात वाकत होता. उडी मारून दोर धरायच्या बेतात.

“बाओशेंग! थांब!” ती जिवाच्या आकांताने ओरडली.

“धुकं येतंय!” तो तिकडून ओरडला. “मग दोर दिसणारही नाही!”

“मी येते! जागचा हलू नकोस!”

भाताचं भांडं तिथेच टाकून ती धावत सुटली. माथ्यावर पोचली तेव्हा म्हातारे दोर हलवून हलवून घामाघूम झाले होते. कातळ पुढे आलेला, त्यांना वरून काही दिसत नव्हतं. तिने सगळं सांगितलं.

“गावात जा. शेजारच्या लूच्या पोरांना घेऊन ये.”

“ती येईपर्यंत हा उडी मारेल. मामंजी, मी ओळखते ना त्याला. मी उतरते, तुम्ही दोर सोडा.”

“अगं, पण डोंगरदेव...”

“कोपू दे कोपला तर! मुलगा गेल्यावर देवाची मर्जी घेऊन काय करायचंय?”

 म्हाताऱ्यांनी फळी वर ओढली, तिला तीवर बसवलं आणि स्वतःच तिच्या कमरेला दोर बांधला. गाठ पक्की बसली. दोराचे वेढे त्यांनी जाड झाडाच्या बुंध्याला घेतले. “खाली बघू नकोस. कातळाची कड आली की दोन्ही पायांनी ढकल.”

कडेखाली उतरली आणि पायाखालचा कातळ संपला. ती गरगर फिरू लागली. वर सरकणाऱ्या धुक्यात बाओशेंगचा चेहरा दिसला, नाहीसा झाला, पुन्हा दिसला.

“तू? बाबांनी तुला सोडलं?”

“काठी पुढे कर! बडबड नंतर!”

तिने झोपाळ्यावरच्यासारखे पाय मारून झोका घेतला. झोका कमी पडला. पुन्हा पाय मारले. काठीची आकडी दोराला घासून निसटली, आणि बाओशेंगचा पाय खोबणीवरून सरकला. क्षणभर तो एका हाताने कातळाला लोंबकळला. तो कसाबसा वर चढला. तिने डोळे मिटले आणि होतं नव्हतं तेवढं बळ लावून पाय मारले. या वेळी आकडी दोरात बसली. त्याने तिला आत ओढून घट्ट धरलं, आणि तिच्या खांद्यावर कपाळ टेकून लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला.

“पुरे आता,” ती म्हणाली. “फळीवर बस. मी तुझ्या मांडीवर बसते.”

“दोर दोघांना पेलेल?”

“पेलला नाही तर भांडायला कोण उरणार आहे?”

खाली सोडायची खूण म्हणून तिने दोराला हिसका दिला. वरून म्हाताऱ्यांनी दोर सोडायला सुरुवात केली. कधी एकदम खाली, कधी नुसतंच अधांतरी. दरीतल्या ओढ्याच्या गोट्यांना पाय लागले तरी यूचानची मूठ दोरावरून सुटेना. बाओशेंगने एकेक बोट उकलून ती सोडवली.

बऱ्याच वेळाने म्हातारे पायवाटेने खाली आले. दोन्ही तळहातांची सालं निघाली होती. मुलाकडे त्यांनी नुसतं पाहिलं. सुनेला मात्र म्हणाले, “भात कुठाय?”

“समोरच्या डोंगरावर सांडला, मामंजी.”

“बरं.” एवढंच बोलून ते दगडावर बसले आणि चेहरा बाहीत लपवून रडले.

शिहू बाओशेंगच्या सदऱ्यात शाबूत होतं. उकळून पाजल्यावर आईची कोरड हळूहळू ओसरली. त्या वर्षी पाऊस लांबला तेव्हा गावात कुजबुज झाली की हे यूचानमुळे. म्हाताऱ्यांनी भर बाजारात सुनावलं, “देवाला काही म्हणायचं असेल तर त्याने मला म्हणावं.”

बाओशेंग मात्र पुन्हा कड्याकडे फिरकला नाही. चहाच्या मळ्यात कामाला जाऊ लागला. लोक कधी हसायचे, घाबरला म्हणायचे. “हो, घाबरलो,” तो सरळ सांगायचा. यूचानने मात्र त्याबद्दल त्याला कधी एका शब्दानेही डिवचलं नाही.